सातचा भोंगा

ज्या शहराचा दिवस तीन पिढ्या गिरणीच्या भोंग्यावर उगवला, त्या सोलापुरात लहानाचा मोठा झालेल्या मनुष्यास, आपल्याच जिल्ह्यातील एका वाडीत मुलांच्या अभ्यासाकरिता सायंकाळी भोंगा वाजवितात हे ऐकून कौतुकाऐवजी प्रथम धास्तीच वाटली, तर त्यात नवल नाही. १८७७ साली चालू झालेली जुनी गिरणी, तिच्यामागून उभी राहिलेली लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी यांची धुराडी, आणि त्या धुराड्यांच्या अमलाखाली उठणारी, जेवणारी व निजणारी वस्ती, हे आमचे सोलापूर. ज्याच्या घरी घड्याळ नव्हते त्याच्याही घरी वेळ होती. परंतु ती मालकाची होती. पहिल्या भोंग्याला चूल पेटे, दुसऱ्याला भाकरी फडक्यात बांधली जाई, आणि शेवटच्या भोंग्याला जो फाटकाच्या आत नसेल त्याचा खाडा मांडला जाई.

शाळांनीही हाच कित्ता गिरविला. मी ज्या शाळेत शिकलो तिचे नाव येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. तशा शाळा त्या काळी गल्लोगल्ली होत्या. घंटा झाली की दार बंद, आणि उशिरा येणाऱ्याने हात पुढे करायचा, हा तेथील दस्तुर. आमच्या वर्गात पूर्व भागातला एक मुलगा आठवड्यातून चार दिवस उशिरा येई. त्याच्या केसांत आणि कानांच्या पाळ्यांमागे सुताचा पांढरा भुसा अडकलेला असे; कारण घरी हातमाग होता, आणि वडील मागावर बसण्यापूर्वी पहाटेच उठून चरख्यावर कांड्या भरून ठेवण्याचे काम त्याच्याकडे होते. गुरुजी त्याचा हात आपल्या हातात घेऊन उघडीत. तर्जनीच्या पेरावर धाग्याने पडलेली बारीक चीर त्यांना दिसत नसे असे मला म्हणवत नाही, कारण छडी ते नेमकी ती चीर चुकवून, तळव्याच्या मांसल भागावर मारीत. एवढी करुणा त्यांच्यापाशी होती. ‘तुला उशीर का होतो?’ हा प्रश्न मात्र त्यांनी वर्षभरात एकदाही विचारला नाही.

वर्तन सुधारण्याचा याहूनही कठोर प्रयोग या शहराने पाहिला आहे. इंग्रजी अमदानीत १८७१ पासून चालत आलेल्या कायद्याने ज्या जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला, त्यांच्यापैकी अनेकांना येथे तारेच्या कुंपणात वसविले, त्यांची दररोज हजेरी घेतली, त्यांना गिरण्यांच्या कामाला जुंपले, आणि या सर्व बंदोबस्ताला सुधारणा असे नाव दिले. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला. परंतु त्या वसाहतीला लोक अद्याप सेटलमेंटच म्हणतात. मनुष्याला वळण लावावयाचे म्हणजे त्याच्याभोवती काही तरी बांधावयाचे, ही समजूत किती खोल गेली होती याची साक्ष त्या एका नावात मिळते.

ही पार्श्वभूमी मनात असल्यावाचून माढा तालुक्यातील परितेवाडीच्या शाळेचे मर्म ध्यानात येणार नाही. कदमवस्तीवरील जिल्हा परिषदेच्या या प्राथमिक शाळेत २००९ साली रणजितसिंह डिसले हे तरुण शिक्षक रुजू झाले, तेव्हा शाळेची इमारत मोडकळीस आलेली होती, आणि तिचा शेजार म्हणजे जनावरांचा गोठा. पुढील हकीकत वृत्तपत्रांनी घरोघरी पोहोचविली आहे: पाठ्यपुस्तकांवर छापलेल्या क्यूआर कोडची त्यांची युक्ती राज्याने उचलली, ३ डिसेंबर २०२० रोजी दहा लाख डॉलरचे ग्लोबल टीचर पारितोषिक त्यांना जाहीर झाले, आणि त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील उरलेल्या नऊ शिक्षकांत वाटून टाकली. क्यूआर कोडचे महत्त्व मी नाकारीत नाही. यंत्राच्या बातमीला आपल्याकडे सदैव मोठा मथळा मिळतो. मला मात्र त्या सर्व हकीकतीत अधिक मोलाची वाटते ती एक लहानशी, बिनखर्चाची तजवीज. ‘अलार्म ऑन, टीव्ही ऑफ’ हे तिचे नाव. सायंकाळी सात वाजता गावात भोंगा वाजावयाचा, घरोघरचे दूरचित्रवाणी संच बंद व्हावयाचे, आणि मुलांनी पुस्तके उघडावयाची.

वरवर पाहता हा गिरणीचाच भोंगा. पण तो कोणाला उद्देशून वाजतो हे नीट पाहावे. मूल अभ्यास करीत नाही अशी तक्रार घेऊन पालक शाळेत येतो, आणि मूल घरी ऐकत नाही अशी तक्रार शिक्षक पालकाकडे पाठवितो; या दोन तक्रारींच्या मध्ये उभ्या असलेल्या आठ वर्षांच्या प्राण्याने सात वाजता, धारा काढून झालेल्या, दूध डेअरीला पोहोचलेले, घरातील सर्व वडीलधारी मंडळी मालिकेपुढे बसलेली, अशा एकाच खोलीच्या घरात, पाठीमागे सासू-सुनांचे भांडण चालू असताना सातचा पाढा पाठ करावा, अशी आपली अपेक्षा असते. मुलाचे चुकते ते काय? परितेवाडीच्या भोंग्याने हुकूम सोडला तो मुलावर नव्हे, तर त्याच्या आजीवर, बापावर, चुलत्यावर. संच बंद करावयाचा तो थोरांनी. शिस्त प्रथम गावाने पाळावयाची, आणि मग ती मुलाकडे, वारसाहक्काने यावी तशी, आपसूक यावयाची. गिरणीच्या भोंग्याची दिशाच येथे उलटी झाली.

अमेरिकेत हाच विचार शास्त्राच्या भाषेत मांडला गेला आहे. जॉर्ज सुगाई, रॉबर्ट हॉर्नर आणि ओरेगन विद्यापीठातील त्यांचे सहकारी यांनी १९९० नंतरच्या दशकात ज्या पद्धतीला आकार दिला, तिचे सूत्र असे, की वर्तन हे गणिताप्रमाणे शिकवावे लागते. ज्याला भागाकार येत नाही त्याला आपण भागाकार शिकवितो. मग ज्याला रांगेत उभे राहणे येत नाही त्याला शिक्षा कशासाठी? म्हणून साऱ्या शाळेने मिळून चार-पाचच नियम ठरवावे, तेही ‘धावू नका’ असे निषेधाचे नव्हे तर ‘सावकाश चाला’ असे विधायक. शिपायापासून मुख्याध्यापकापर्यंत सर्वांनी ते सारखेच पाळावे. चांगले वागणाऱ्याला तिथल्या तिथे शाबासकी द्यावी. आणि बिघाड कोठे, केव्हा, कोणत्या तासाला होतो याची नोंद ठेवून मुलाऐवजी प्रथम व्यवस्था तपासावी. बहुतेक मुलांना एवढे पुरते; थोड्यांना लहान गटात अधिक आधार लागतो, आणि अगदी मोजक्यांसाठी स्वतंत्र विचार करावा लागतो. चांगल्या वागण्याबद्दल चिठ्ठ्या वाटून त्यावर बक्षीस देण्याची तेथील चाल मला रुचत नाही. सद्वर्तनाची खतावणी ठेवू लागले की मुले व्यापारी होतात. पण नोंदवहीची कल्पना मात्र सोन्यासारखी आहे. आमच्या गुरुजींनी उशिराची नोंद एक महिना ठेवली असती, तरी कांड्या भरण्याचा उलगडा झाला असता.

आपल्याकडे कायद्याने आपला वाटा उचलला. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंना मनाई केली. त्याच कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना, आणि एकूण निम्म्या स्त्रियांना दिल्या. छडी गेली, पण तिच्या जागी काय आणावे हे कलमात कोठून असणार? ती उणीव भरून काढण्याचा एक नेटका प्रयत्न शांतिलाल मुथ्था यांच्या प्रेरणेने २००९ साली बीड जिल्ह्यातील पाचशे शाळांत ‘मूल्यवर्धन’ या नावाने सुरू झाला आणि पुढे शासनाच्या साहाय्याने राज्यभर पसरला. त्यात वर्गाचे नियम मुलेच बसून ठरवितात, आणि जोडीजोडीने बोलून प्रश्नाचा विचार करतात. अर्थात याचे बीज परदेशातून आणावे लागले नाही. अमळनेरच्या छात्रालयात मुलांच्या अस्ताव्यस्त खोल्या, मुले शाळेत गेली असताना, कोणास न सांगता स्वतः झाडून लावून ठेवणारे साने गुरुजी कोणत्याही विद्यापीठाची पद्धत अनुसरत नव्हते. संध्याकाळी खोलीत शिरणाऱ्या मुलाला जी लाज वाटत असेल, तिच्याइतका समर्थ शिक्षक मला ठाऊक नाही.

भोंग्याची कल्पना परितेवाडीपुरती राहिली नाही. २०२२ साली सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात, मोहित्यांचे वडगाव येथे, गावाने ठराव करून सायंकाळी सात ते साडेआठ दूरचित्रवाणीबरोबर मोबाइलही बंद ठेवण्यास प्रारंभ केला; देवळावरचा भोंगा तेथे इशारा देतो. मधल्या महासाथीच्या काळात मोबाइल हीच शाळा झाली होती, आणि ज्या वस्तूपुढे बसा म्हणून मुलांना विनविले तीच आता दूर ठेवा म्हणून सांगण्याची पाळी आली, यातील विनोद खेड्यातील माणसांनी आपल्याहून लवकर ओळखला. मात्र असल्या ठरावांना कोणी दंडाची जोड देऊ लागेल, तर त्या क्षणी देवळावर गिरणीचा भोंगा येऊन बसला असे मी समजेन.

आणि तरीही, हा प्रयोग आपल्या शहरात करावा असे कोणी सुचविले की माझी मती कुंठित होते. वाडी एकाच वेळी धार काढते आणि एकाच वेळी मोकळी होते. पूर्व भागात सायंकाळी सातला यंत्रमागाची एक पाळी संपून दुसरी उभी राहत असते, आणि त्या खडखडाटात भोंगा ऐकू येणे कठीण. परवाच तेथील एका घरी गेलो होतो. उंबऱ्याजवळ बाई मांडीवर सूप घेऊन बसली होती. कातरलेल्या पानात चिमूटभर तंबाखू, एक वळसा, टोकाला दुमड, दोरा, की विडी बाजूला. मजुरी हजार विड्यांच्या हिशोबाने मिळते, आणि हजाराचा आकडा गाठेपर्यंत पाठ टेकावयाची नसते. समोर मालिका चालू होती. तिची नजर पडद्यावर, बोटे आपल्या मार्गाने. तो संच बंद करा, असे त्या बाईला कोणत्या तोंडाने सांगावे? तिची मुलगी मात्र भिंतीला टेकून, आवाज तेवढा कमी करून, पडद्याचा निळसर उजेड वहीवर पडेल अशा बेताने बसली होती, आणि जाहिरात लागली की आई तिच्याकडे वळून विचारीत होती, “किती झाली गं गणितं?”