गणवेशाआधीची तयारी

(पोलिसाचा गणवेश अंगावर चढवण्याआधी शरीर कणखर करावे लागते. ही तयारी कशी करतात, तिला वेळ का लागतो आणि ती कोणासाठी करायची असते, हे या पाठात सांगितले आहे.)

मुलांनो, पोलीस तुम्ही रोज पाहता. शाळेसमोर हात वर करून ते मोटारी थांबवतात आणि तुम्हांला रस्ता ओलांडू देतात. गणेशचतुर्थीला आपण मूर्ती घेऊन विसर्जनाला निघतो, तेव्हा मिरवणुकीच्या पुढे-मागे पोलीस चालत असतात. महाशिवरात्रीला हजारो भाविक पायी गंगा तलावाला जातात, तेव्हा पोलीस रात्रभर रस्त्यावर उभे असतात. १२ मार्चला राष्ट्रीय दिनाच्या सोहळ्यात त्यांचे शिस्तबद्ध संचलन पाहून आपल्यालाही छाती पुढे काढून चालावेसे वाटते.

मॉरिशसला वेगळे सैन्य नाही. त्यामुळे इतर देशांत सैन्य करते अशी बरीच कामे आपल्याकडे पोलीसदलालाच करावी लागतात. १९६० साली स्थापन झालेल्या विशेष पथकाचे मुख्य ठाणे वाक्वा येथे आहे. चक्रीवादळ आले, पूर आला, कोणी डोंगरात अडकले, की या पथकाचे जवान मदतीला धावतात. समुद्रावर तटरक्षक दल पहारा देते. त्याची स्थापना १९८७ साली झाली. ही दोन्ही दले पोलीसदलाचाच भाग आहेत.

३० मार्च २०१३ चा दिवस मॉरिशसमधील लोक विसरलेले नाहीत. त्या दुपारी पोर्ट लुईमध्ये थोड्या वेळात इतका पाऊस कोसळला, की रस्त्यांच्या नद्या झाल्या. त्या पुरात ११ माणसांचे प्राण गेले. १५ जानेवारी २०२४ रोजी बेलाल वादळाच्या पावसाने याच शहरातील रस्ते पुन्हा पाण्याखाली गेले आणि मोटारी वाहून गेल्या. अशा वेळी कमरेएवढ्या पाण्यातून चालत जाऊन एखाद्या आजोबांना उचलून आणायचे, तर काय लागेल? धीर लागेल, अक्कल लागेल. पण हातापायांत बळ आणि छातीत दमही लागेल. मदतीला गेलेलाच धापा टाकत खाली बसला, तर आजोबांना कोण आणणार? म्हणून पोलीस होऊ इच्छिणाऱ्याला आपले शरीर आधी तयार करावे लागते.

आपल्याकडे बो-बासें येथे पोलिसांचे प्रशिक्षण केंद्र आहे. नवीन शिपाई तेथे कवायत शिकतात, कायदा शिकतात, प्रथमोपचार शिकतात. तेथील दिवस पहाटे सुरू होतो. म्हणून शहाणे उमेदवार प्रशिक्षणाच्या कितीतरी आधीपासून व्यायामाला लागतात.

समजा, तुमच्या शेजारच्या ताईने पोलीस व्हायचे ठरवले आहे. तिने काय करावे?

सर्वांत आधी तिने डॉक्टरांकडे जाऊन प्रकृती तपासून घ्यावी. हृदय, रक्तदाब, डोळे, पाय ठीक आहेत ना, हे कळले म्हणजे निर्धास्तपणे व्यायाम करता येतो.

त्यानंतर येते धावणे. पहिल्याच दिवशी ताईने पाच किलोमीटर धावायचे ठरवले, तर काय होईल? दुसऱ्या दिवशी तिला जिना उतरता येणार नाही आणि तिसऱ्या दिवशी ती बूट कोपऱ्यात टाकून देईल. त्यापेक्षा तिने एक मिनिट सावकाश धावावे, दोन मिनिटे चालावे आणि असे दहा वेळा करावे. म्हणजे अर्धा तास झाला. दोन आठवड्यांनी दोन मिनिटे धावावे आणि एक मिनिट चालावे. असे हळूहळू चालणे कमी आणि धावणे जास्त करत गेले, की दोन-तीन महिन्यांत ती न थांबता अर्धा तास धावू लागेल.

किती वेगाने धावायचे? त्याची एक सोपी खूण आहे. धावताना सोबतच्या मैत्रिणीशी बोलता आले पाहिजे. एक वाक्यही पुरे करता येत नसेल, तर वेग जास्त झाला असे समजावे. गाणे म्हणता येत असेल, तर वेग थोडा वाढवायला हरकत नाही.

धावल्याने शरीरात काय बदलते? आपले हृदय म्हणजे रक्त ढकलणारा पंपच आहे. रोजच्या व्यायामाने हा पंप बळकट होतो आणि एका ठोक्यात पूर्वीपेक्षा जास्त रक्त पुढे ढकलतो. त्यामुळे स्वस्थ बसलेले असताना त्याला कमी ठोके द्यावे लागतात. समजा, ताईच्या हृदयाचे ठोके पूर्वी मिनिटाला ७२ पडत होते आणि काही महिन्यांच्या सरावानंतर ६० पडू लागले. तर एका मिनिटात १२ ठोके वाचले. तासाला ७२० आणि दिवसाला १७,२८० ठोके वाचले! स्नायूंमध्येही केसांहून बारीक अशा नव्या रक्तवाहिन्या तयार होतात. त्यांच्यातून स्नायूंना अधिक प्राणवायू मिळतो. ज्याला आपण ‘दम वाढला’ असे म्हणतो, तो असा वाढतो.

नुसते धावून मात्र भागत नाही. पोलिसाला भिंत चढावी लागते, जखमी माणसाला उचलावे लागते. त्यासाठी हात, खांदे, पाठ, पोट आणि मांड्या यांत बळ हवे. आपल्या पणजोबांच्या काळी तालमीत जोर आणि बैठका काढत असत. आजही त्यांच्यासारखा सोपा व्यायाम नाही. त्यांना यंत्र लागत नाही की पैसा लागत नाही. दहा जोर जमत नसतील, तर भिंतीला हात टेकून उभ्याने काढावेत. मग गुडघे जमिनीवर टेकून काढावेत आणि शेवटी पूर्ण जोर काढावेत. सूर्यनमस्कारांनी पाठीचा कणा लवचीक होतो. समुद्राने वेढलेल्या आपल्या बेटावर ताईने पोहायलाही शिकून घ्यावे.

तुम्ही म्हणाल, नुसते उभे राहायला कसली ताकद लागते? तासभर न हलता उभे राहून पाहा म्हणजे समजेल. आपण निश्चल उभे राहिलो, की रक्त खाली पायांत साचू लागते आणि डोक्याकडे कमी जाते. म्हणूनच संचलनात बराच वेळ ताठ उभा असलेला एखादा धडधाकट जवानसुद्धा चक्कर येऊन पडतो. पायांतले रक्त वर ढकलण्याचे काम पोटऱ्यांचे स्नायू करतात. पोटऱ्या बळकट असल्या आणि उभ्या उभ्या बोटे व टाचा हळूच हलवत राहिले, तर चक्कर टळते. चौकात चार तास उभ्या असलेल्या पोलिसाला ही युक्ती उपयोगी पडते.

आता एक महत्त्वाची गोष्ट ऐका. व्यायामाइतकीच विश्रांतीही आवश्यक असते. व्यायाम करताना स्नायूंची थोडी झीज होते. आपण विश्रांती घेतो, झोपतो, तेव्हा शरीर ती झीज भरून काढते आणि स्नायू पहिल्यापेक्षा मजबूत बनवते. हाडांचेही तसेच आहे. पण हाडांना स्नायूंपेक्षा जास्त वेळ लागतो. विश्रांती न घेता रोज धावत राहिले, तर पायाच्या हाडाला बारीक तडा जाऊ शकतो.

याची एक जुनी हकीकत आहे. १८५५ साली युरोपातील प्रशिया या देशाच्या सैन्यात ब्राइटहाउप्ट नावाचे डॉक्टर होते. लांबलांब कूच करणाऱ्या तरुण सैनिकांचे पाय सुजतात, दुखतात, असे त्यांना दिसले. पायाला मार लागलेला नसे, जखमही नसे. मग पाय सुजतात का? तेव्हा शरीराच्या आत डोकावण्याचे साधन नव्हते. पुढे १८९५ साली क्ष-किरणांचा शोध लागला आणि दोनच वर्षांत उलगडा झाला. त्या सैनिकांच्या पायांच्या हाडांना बारीक तडे गेलेले होते! चालून चालून हाड थकले होते आणि त्याला सावरायला वेळच मिळाला नव्हता. आजही जगभर सैनिकी आणि पोलीस प्रशिक्षणात काहींना हे दुखणे होते. जे आधीपासून थोडे थोडे धावत आलेले असतात, त्यांची हाडे या श्रमांना सरावलेली असतात. आयत्या वेळी घाई करणाऱ्याला मात्र त्रास होण्याची भीती जास्त असते.

म्हणून ताईने आठवड्याची आखणी करावी. तीन दिवस धावावे, दोन दिवस जोर-बैठका काढाव्यात, एक दिवस नुसते फिरायला जावे आणि एक दिवस पूर्ण विश्रांती घ्यावी. धावण्याआधी पाच-दहा मिनिटे चालून, हातपाय हलवून अंग मोकळे करावे. धावून झाल्यावर एकदम बसू नये, सावकाश चालत श्वास शांत होऊ द्यावा. पायाला बरोबर बसणारे बूट घालावेत. नडगी एकाच जागी सतत दुखू लागली, तर धावणे थांबवून डॉक्टरांना दाखवावे.

आपल्या हवामानाचाही विचार हवा. डिसेंबर ते मार्चमध्ये आपल्याकडे ऊन कडक असते आणि हवा दमट असते. घाम वाळतो, तेव्हा अंग थंड होते. दमट हवेत घाम लवकर वाळत नाही, म्हणून शरीर तापत जाते. अशा दिवसांत दुपारी धावणे धोक्याचे असते. पहाटे किंवा संध्याकाळी धावावे आणि तहान लागेपर्यंत न थांबता मधूनमधून पाणी प्यावे. क्यूरपीपला त्रू-ओ-सेर्फ नावाचे निद्रिस्त ज्वालामुखीचे मोठे तोंड आहे. त्याच्या काठाने गोल रस्ता आहे. सकाळच्या गार हवेत तेथे कितीतरी लोक चालताना आणि धावताना दिसतात.

आणि आहार? त्यासाठी महागडे डबे विकत आणायला नकोत. डाळ आणि भात, मसूर, अंडी, मासे, दूध, ताज्या पालेभाज्यांचा रस्सा आणि फळे यांतून शरीराला हवे ते मिळते. भात आणि पोळी यांनी धावायला शक्ती मिळते. डाळी, अंडी आणि मासे स्नायूंची झीज भरून काढतात. ढोल पुरी कधीतरी खाल्ली तर बिघडत नाही. पण तळलेले पदार्थ आणि बाटलीतली गोड पेये रोज नकोत. सिगारेटला तर हातही लावू नये. महिनोन्महिने कमावलेला दम ती धुरात घालवते.

आपले पूर्वज ज्या महाराष्ट्रातून मॉरिशसला आले, तेथेही पोलीसभरतीची अशीच तयारी चालते. तेथील शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीत मुलगे १६०० मीटर धावतात, तर मुली ८०० मीटर. दोघांनाही १०० मीटर धावणे आणि गोळाफेक करावी लागते. म्हणून गावोगावच्या रस्त्यांवर झुंजूमुंजू होण्याआधीच धावणाऱ्या तरुणांची पावले वाजू लागतात. त्यांतली बरीच शेतकऱ्यांची मुले असतात.

शरीर कमावताना आणखी एक गोष्ट नकळत कमावली जाते. बाहेर पाऊस भुरभुरत असतो, पांघरूण ऊबदार असते, कोणी हाक मारत नसते. तरी ताई उठते आणि बूट घालते. ही सवयच पुढे तिच्या कामी येते. रात्री दोन वाजता कोणी मदतीला बोलावले, तर ती ‘उद्या पाहू’ असे म्हणत नाही.

मुलांनो, तुम्हांला आताच जोर-बैठकांचा डोंगर रचायला नको. तुमच्या वयात रोज निदान तासभर मनसोक्त खेळा, पळा, दोरीवरून उड्या मारा, सायकल चालवा. रात्री नऊ-दहा तास झोपा. मोठेपणी तुम्ही पोलीस व्हा, डॉक्टर व्हा, मच्छीमार व्हा किंवा शिक्षक व्हा. आज खेळून कमावलेले शरीर तुमच्याबरोबर राहील. आणि एखाद्या दिवशी कोणाला तुमच्या मदतीची गरज पडली, तर धावत जाण्याइतका दम तुमच्या छातीत असेल.

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) पोलिसांचे विशेष पथक कोणत्या साली स्थापन झाले?
(आ) धावण्याचा वेग योग्य आहे हे कशावरून ओळखावे?
(इ) दमट हवेत अंग लवकर थंड का होत नाही?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) पहिल्याच दिवशी फार लांब धावू नये.
(आ) बराच वेळ निश्चल उभे राहिल्यास चक्कर येते.
(इ) व्यायामाइतकीच विश्रांतीही आवश्यक असते.

प्र. ३. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा.
धाप, कणखर, निर्धास्त, झुंजूमुंजू.

उपक्रम : मनगटावर बोटे ठेवून स्वस्थ बसलेले असताना एका मिनिटात नाडीचे किती ठोके पडतात ते मोजा. मग मैदानाला एक फेरी मारून पुन्हा मोजा. दोन्ही संख्या वहीत लिहा आणि त्यांतील फरक वर्गात सांगा.