फुकटच्या वकिलाची किंमत

बांधावरून झालेल्या मारामारीत आमच्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांना अटक झाली आणि वकिलाच्या फीसाठी घरची बैलजोडी विकावी लागली. कोठडीतील माणसाला सरकारी खर्चाने वकील मागता येतो, हे त्या मुलाला ठाऊक नव्हते. खरे सांगावयाचे तर, त्याला अर्थशास्त्र शिकविणाऱ्या मलाही ते नेमकेपणाने ठाऊक नव्हते.

वास्तविक या हक्काचा एक भक्कम पाया महाराष्ट्रातीलच एका खटल्याने घातला, आणि त्यातील आरोपी मजूर नव्हे, तर विद्यापीठातील प्रपाठक होता! बनावट पदव्यांसाठी कर्नाटक विद्यापीठाची खोटी मुद्रा करवून घेण्याच्या प्रकरणात होसकोट यांना मुंबई उच्च न्यायालयाने १९७३ मध्ये तीन वर्षांची शिक्षा दिली. निकालाची प्रत आपल्याला मिळालीच नाही, असे त्यांचे म्हणणे होते. सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावेपर्यंत शिक्षा भोगून संपली होती. १९७८ मध्ये न्या. कृष्ण अय्यर यांच्या पीठाने त्यांचा अर्ज फेटाळला खरा. परंतु त्याच निकालात, कैद्याला निकालाची प्रत विनामूल्य व तत्परतेने द्यावी, वकील करण्याची ऐपत नसल्यास न्यायालयाने तो नेमावा आणि त्याची फी राज्याने द्यावी, असे बजावले. पुढे १९८१ मध्ये तर, पैसा नाही ही सबब राज्याला सांगता येणार नाही, असेही याच न्यायालयाने म्हटले. ते योग्यच होते. आरोप सिद्ध करणारा वकील खजिन्यातून वेतन घेतो. मग बचाव करणाऱ्यासाठीच खजिना रिता कसा?

१९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा अमलात यावयास १९९५ चा नोव्हेंबर उजाडला. त्यानुसार स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्नाची अट नाही. शिवाय पहिल्यांदा हजर केलेल्या आरोपीला हा हक्क समजावून सांगणे हे दंडाधिकाऱ्याचे कर्तव्य असल्याचे कसाबच्या २०१२ च्या निकालात स्पष्ट झाले आहे.

किंमत शून्यावर आली की मागणी वाढते, असे आम्ही फळ्यावर लिहितो. येथे ती वाढत नाही. एरवी 'फुकट ते पौष्टिक' म्हणणारा माणूस फुकटच्या वकिलाला मात्र बिचकतो. फी न घेणारा मनापासून भांडेल कशाला, असे त्याला वाटते. ही शंका निराधार नाही. प्रत्येक प्रकरणामागे तुटपुंजे मानधन मिळत असेल, तर वकिलाचा वेळ फी देणाऱ्या पक्षकाराकडेच वळणार. म्हणूनच २०२२ च्या योजनेतील पगारी, पूर्णवेळ आणि खासगी वकिलीस मज्जाव असलेले बचाव वकील मला अधिक भरवशाचे वाटतात. ती सोय फौजदारी प्रकरणांपुरतीच आहे, हे खरे. आणि तारखेला जाणाऱ्याची बुडालेली मजुरी व एस. टी. चे भाडे कोणत्याच योजनेत धरलेले नाही.

आमच्या त्या विद्यार्थ्याने विधी सेवेचा १५१०० हा क्रमांक गावातील पिठाच्या गिरणीच्या दारावर खडूने लिहून ठेवला आहे. बैलजोडी अद्याप घेता आलेली नाही.