नवा फ्लॅट : एजंट कोणाचा?

मोशी, पुनावळे, चाकणच्या साइट ऑफिसात ग्राहकाला घेऊन येतो तो बहुधा चॅनेल पार्टनर. त्याचं कमिशन बिल्डर देतो. ग्राहकाने स्वतः नेमलेल्या एजंटची दलाली ग्राहकाच्या खिशातून जाते. नोंदणीकृत प्रकल्पातल्या व्यवहारासाठी दोघांनाही महारेराची (महाराष्ट्र स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरण) नोंदणी सक्तीची.

• महारेरा सुरू : १ मे २०१७.

• क्रमांक : प्रकल्पाचा ‘पी’ने, एजंटचा ‘ए’ने सुरू होतो. दोन्ही महारेराच्या संकेतस्थळावर फुकट तपासता येतात. टोकन देण्याआधीच तपासावेत.

• परीक्षा : १ जानेवारी २०२४ पासून एजंटला महारेराचं सक्षमता प्रमाणपत्र आवश्यक.

• बुकिंग : करारनामा नोंदवण्याआधी बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही (रेरा कायदा, कलम १३).

• दंड : बिननोंदणी एजंटला रोज १०,००० रुपये, कमाल घराच्या किमतीच्या ५ टक्के.