खुब्याभोवती वाढलेले हाड



खोडदला दुर्बिणीच्या मोठ्या तबकड्या पाहायला तुमच्यापैकी काही जण आले असतील. त्याच गावात एक महादेव कोळी तरुण बहिणीच्या घरी पडून होता. जुन्नरच्या पश्चिमेकडील डोंगरात हिरडा काढताना तो झाडावरून पडला, मणक्याला मार लागला आणि कमरेखालचे बळ गेले. दोन महिन्यांनी उजवी मांडी वरच्या बाजूला सुजली, गरम लागू लागली, अंगात कणकण आली. घरच्यांनी मायेपोटी रोज तेल लावून जोरात चोळले, पाय ओढून वाकवला. मी गेले तेव्हा खुबा लाकडासारखा ताठ होता. बसता येत नसल्यामुळे माकडहाडावर जखम झाली होती.

कोणी कॅन्सर म्हणाले, कोणी करणी. दोन्ही नाही. मज्जारज्जूला इजा झालेल्या काही रुग्णांत स्नायूंच्या मध्ये, जिथे हाड नसावे तिथे, खरेखुरे हाड तयार होते, आणि तेही बहुतेक खुब्याभोवती. पहिल्या महायुद्धातील जखमी सैनिकांत ऑगस्टा डेजेरिन-क्लुम्पके या फ्रेंच डॉक्टरबाईंनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते १९१८ मध्ये नोंदवले. हलक्या हाताने सांधा हलवत ठेवणे चांगले. पण जोराने चोळण्या-ओढण्याने स्नायूंना नवी इजा होते आणि हाड वाढायला निमित्त मिळते. अशी सूज दिसली की आधी डॉक्टरांना दाखवा. कधी ती शिरेतल्या रक्ताच्या गुठळीचीही असते, आणि ती चोळणे जिवावर बेतू शकते.

“मग लगेच कापून टाका की,” भाऊजी म्हणाले. इथेच थांबावे लागते. हाड कच्चे असताना काढले तर ते पुन्हा वाढण्याची भीती असते. ते पक्के व्हायला बऱ्याचदा वर्षभर लागते. त्याआधी जखम भरून आणावी लागते. मग सीटी स्कॅन करून मोठी रक्तवाहिनी आणि नस हाडात अडकली आहे का ते पाहतात. सगळे हाड काढत नाहीत. सांधा वाकण्यापुरते काढतात. रक्तस्राव बराच होतो. न वापरलेले मांडीचे हाड ठिसूळ झालेले असते, ते मोडूही शकते. पुन्हा वाढ होऊ नये म्हणून काही आठवडे इंडोमेथॅसिनच्या गोळ्या किंवा पहिल्या तीन-चार दिवसांत किरणांचा एक डोस देतात.

ऑपरेशनच्या आदल्या रात्री पुण्यात त्याच्या आईने विचारले, “ताई, आता चालंल ना माझं पोर?”

“नाही मावशी. बसंल.”

त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. खरे तर हे मी वर्षभर आधीच सांगायला हवे होते.

तुमच्या मदतीतून त्यांचे पुण्यातले राहणे आणि व्यायामासाठीचे हेलपाटे झाले. आता तो दारात चाकाच्या खुर्चीवर बसून मेथीच्या जुड्या बांधतो. खुबा अजून पूर्ण काटकोनात येत नाही, म्हणून पाठीमागे एक उशी लागते.