अमेरिकेतली लढाई आणि आपली बोरिवली लोकल

उर्दू माध्यमात इतिहासाला 'तारीख' म्हणतात. मराठीत तारीख म्हणजे कॅलेंडरातला दिवस. आमच्या वर्गातली मुलं दोन्ही अर्थ एक करून टाकतात: इतिहास म्हणजे सनावळ्या पाठ करणं! आणि आधुनिक जगाचं प्रकरण आलं की प्रश्न ठरलेला, "सर, अमेरिकेतल्या लढाईशी आपला काय संबंध?"

संबंध अंधेरी-बोरिवलीच्या रुळांपर्यंत येतो.

1861 साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. दक्षिणेतल्या राज्यांत कापसाचे मोठे मळे होते. त्यांत राबणारे लोक गुलाम होते; त्यांच्या पूर्वजांना आफ्रिकेतून जबरदस्तीने आणलेलं होतं. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं अडवली. इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्या बहुतांशी याच कापसावर चालत. कापूस थांबला, गिरण्या थांबल्या, तिथले मजूर उपासमारीला आले.

मग व्यापाऱ्यांची नजर मुंबईकडे वळली. गुजरात, खानदेश, वऱ्हाडच्या कापसाचा भाव भडकला. शहरात इतका पैसा आला की रोज नवी बँक, नवी कंपनी. समुद्र बुजवून जमीन काढण्याच्या योजनांचे शेअर लोकांनी डोळे मिटून घेतले. प्रेमचंद रायचंद हे या बाजाराचे बादशहा. फोर्टमधला राजाबाई टॉवर त्यांच्याच देणगीतून, त्यांच्या आईच्या नावाने उभा आहे.

त्याच तेजीत, 1864 मध्ये, बीबीसीआय रेल्वे गुजरातहून ग्रँट रोडपर्यंत पोहोचली. इथे मुलं घाईने लिहून टाकतात की युद्धामुळे रेल्वे आली. तसं नाही. कंपनी 1855 ची, युद्धाच्या आधीची. पण गुजरातचा कापूस बंदरावर आणणं हा तिचा मोठा हेतू होताच. 1867 मध्ये याच रुळांवर विरार ते बॅकबे अशी रोजची गाडी सुरू झाली. आज आपण जिच्या दारात लटकतो, ती पश्चिम रेल्वेची लोकल तिथून सुरू होते.

1865 मध्ये युद्ध संपलं. अमेरिकेचा कापूस परत येणार म्हटल्यावर भाव कोसळला, बँका बुडाल्या, प्रेमचंदही बुडाले. कर्ज काढून कापूस पेरलेल्या शेतकऱ्याच्या हाती सावकाराची वही उरली.

आणि रेल्वे काही फक्त कापूस नेत नव्हती. इंग्लंडच्या गिरण्यांचं स्वस्त कापड गावोगावच्या बाजारात तीच पोहोचवत होती. हातमागावर जगणाऱ्यांचं त्यात काय झालं असेल? उत्तर हिंदुस्थानातली कित्येक मोमीन कुटुंबं, 1857 नंतर तर जास्तच, मालेगाव, भिवंडी, मदनपुरा इकडे येऊन वसली.

हे शिकवत असताना मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. "सर, आमचे परदादा आझमगढहून मालेगावला आले होते. का आले, ते घरी कुणी सांगत नाही."

आम्ही त्याला गृहपाठ दिला: या रविवारी दादीजवळ बस, आणि विचार.