वीरांविषयी बोलताना : मराठीतील वीरवाचक शब्द आणि आदरार्थी रूपे

१. प्रास्ताविक

मराठीतील वचन केवळ संख्या दाखवत नाही, तर बोलणाऱ्याच्या मनातील आदरही दाखवते, हे आपण जाणता. वीरांविषयी बोलताना ही व्यवस्था कशी वापरली जाते आणि त्या वापरातून समाजाविषयी काय कळते, याचा विचार या घटकात करावयाचा आहे. उदाहरणे मुख्यतः कोल्हापूर परिसरातील घेतली आहेत.

२. वीरवाचक शब्दांचे स्रोत

मराठीतील वीरवाचक शब्द एका घरचे नाहीत. शूर, वीर, धीर, पराक्रमी हे शब्द संस्कृतातून आले. बहाद्दर, मर्द, पैलवान, वस्ताद आणि शाबास हे शब्द फारसीतून आले. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात १९१२ साली उभ्या राहिलेल्या खासबाग मैदानात आजही कुस्तीची भाषा या फारसी शब्दांवाचून चालत नाही. गावोगावच्या देवळांपाशी आढळणारा ‘वीरगळ’ हा शब्द तर जोडशब्द आहे. त्यातील ‘वीर’ संस्कृत आहे, तर ‘गळ’चा संबंध दगड या अर्थाच्या कन्नड ‘कल्लु’ शब्दाशी आहे. देशासाठी प्राण देणाऱ्यास आपण ‘हुतात्मा’ म्हणतो आणि ‘शहीद’ही म्हणतो. पहिल्या शब्दात यज्ञातील आहुतीची कल्पना आहे. दुसरा शब्द अरबी असून त्याच्या मुळाशी ‘साक्षीदार’ हा अर्थ आहे.

‘हिरो’ हा शब्द मूळ ग्रीक. इंग्रजीतून आलेला हा शब्द मराठीत मुख्यतः चित्रपटांमुळे रुळला. म्हणूनच ‘फार हिरो बनू नकोस’ या वाक्यात कौतुकाऐवजी टोमणा असतो. ‘वाचाळवीर’ या शब्दावरून दिसते की, ‘वीर’ हा शब्दही उपरोधापासून सुटलेला नाही.

३. इंग्रजी आणि मराठी : एक मूलभूत फरक

इंग्रजीत राजा असो वा त्याचा सेवक, दोघांसाठी ‘ही’ हे एकच सर्वनाम येते आणि क्रियापदही बदलत नाही. आदर दाखवायचा असल्यास इंग्रजी भाषक पदवी, विशेषण किंवा बोलण्याचा सूर यांचा आधार घेतो. तो आदर दाखवू शकतो किंवा तो प्रश्न मोकळाही ठेवू शकतो. मराठी भाषकाला मात्र ही मोकळीक सहसा मिळत नाही. ‘तो लढला’ की ‘ते लढले’, ‘त्याने’ की ‘त्यांनी’, याची निवड त्याला वाक्यागणिक करावी लागते. म्हणजेच मराठीत वीराची कथा सांगणे आणि त्याचा सामाजिक दर्जा ठरवणे या दोन क्रिया एकाच वेळी घडतात.

४. एक रात्र, तीन वीर

जुलै १६६० मध्ये शिवाजी महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातून पन्हाळ्याहून विशाळगडाकडे निसटले. महाराजांचा वेश घेऊन शिवा काशीद पालखीत बसले व मारले गेले, असे परंपरा सांगते. बाजीप्रभू देशपांडे यांनी घोडखिंडीत शत्रूला रोखून प्राण दिले आणि त्या खिंडीला ‘पावनखिंड’ हे नाव मिळाले.

आता ही कथा नेहमी कशी सांगितली जाते ते पाहा : ‘महाराज गडावर पोहोचले. बाजीप्रभू धारातीर्थी पडले. शिवा काशीद मारला गेला.’ तिसऱ्या वाक्यात क्रियापद एकेरी झाले. त्याग तर प्राणांचाच होता, मग व्याकरण का बदलले? शिवा काशीद न्हावी समाजातील होते. पद, वतन आणि जात यांची उतरंड येथे क्रियापदाच्या प्रत्ययात उतरलेली दिसते. ‘मावळे पडले’ या वाक्यातील अनेकवचन संख्येचे आहे, आदराचे नाही, हेही लक्षात घ्यावे. बोलणाऱ्याचा हेतू वाईट असतो असे नाही. सवयीने आलेली रूपेच हा भेद पुढच्या पिढीकडे पोहोचवतात.

५. एकेरीचा दुसरा अर्थ : सलगी

एकेरी रूप नेहमीच अनादराचे नसते. आपण विठोबाला ‘तू’ म्हणतो, आईलाही ‘तू’ म्हणतो. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणारे, कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात शिकलेले कुस्तीगीर खाशाबा जाधव यांच्याविषयी ‘आमच्या खाशाबाने पदक आणले’ असे म्हणताना त्यात आपलेपणाच असतो. ‘होता जिवा म्हणून वाचला शिवा’ या म्हणीत जिवा महाला आणि शिवाजी महाराज दोघेही एकेरीत येतात. लोकभाषेने येथे सेवकाला आणि राजाला एकाच पंक्तीत बसवले आहे.

लिखित आणि सार्वजनिक भाषेचा कल मात्र आदरवाचकांकडे वाढत गेला आहे. मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनसला १९९६ मध्ये ‘छत्रपती शिवाजी टर्मिनस’ हे नाव मिळाले आणि २०१७ मध्ये त्यात ‘महाराज’ या शब्दाची भर पडली. कोल्हापूरचे गोविंद पानसरे यांच्या १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘शिवाजी कोण होता?’ या पुस्तकाच्या शीर्षकातील एकेरी रूप काहींना सलगीचे वाटते, तर काहींना खटकते. रूप एकच असले, तरी ऐकणाऱ्यानुसार त्याचा अर्थ बदलतो.

६. स्त्रिया आणि वीरभाषा

१७०० नंतर औरंगजेबाविरुद्ध लढा चालवणाऱ्या आणि करवीरची गादी स्थापणाऱ्या ताराराणींना आपण ‘रणरागिणी’ म्हणतो. हा शब्द स्त्रीसाठी स्वतंत्रपणे येतो. ‘वीरमाता’ आणि ‘वीरपत्नी’ या शब्दांत मात्र शौर्य मुलाचे वा पतीचे असते आणि स्त्रीची ओळख नात्यातून होते. ‘मर्दानी’ या विशेषणात तर स्त्रीचे शौर्यही पुरुषाच्या मापाने मोजले जाते.

७. समारोप

आदरार्थी रूप म्हणजे केवळ शिष्टाचार नव्हे. कोणाचा पराक्रम मोठा मानायचा, याचा निर्णय त्यात दडलेला असतो. आपल्यापैकी अनेकजण शिक्षक, पत्रकार वा निवेदक म्हणून लिहितात, बोलतात. एकाच प्रसंगातील माणसांसाठी भिन्न रूपे वापरताना त्याचे कारण काय, हे स्वतःला विचारण्याची सवय लावून घ्यावी.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

१. एकेरी रूपाचे दोन अर्थ सोदाहरण स्पष्ट करा.
२. आपल्या गावातील एखाद्या वीराची कथा दोन व्यक्तींकडून ऐका. त्यांनी वापरलेल्या क्रियापदांच्या रूपांची तुलना करा.
३. ‘वीरपत्नी’ आणि ‘रणरागिणी’ या शब्दांतील दृष्टिकोनाचा फरक लिहा.