एकच चिप, दोन भाव

पनवेलजवळच्या हिरानंदानी फॉर्च्युन सिटीत ‘योट्टा’चे एनएम-१ हे डेटा सेंटर जुलै २०२० मध्ये सुरू झाले. ८ लाख २० हजार चौरस फूट जागा, ७,२०० रॅक, ५० मेगावॅट वीज आणि अपटाइम इन्स्टिट्यूटचे टियर-४ प्रमाणपत्र, असा त्याचा पसारा. मार्च २०२४ मध्ये याच इमारतीत एनव्हीडियाच्या एच१०० या ग्राफिक्स प्रोसेसरची पहिली खेप उतरली. ग्राफिक्स हे आता नावापुरतेच, कारण या यंत्राला पडद्याची केबल जोडायला जागाच नाही. ते चित्र काढत नाही, आकडेमोड करते. एकेका नगाचा भाव २५ ते ३० हजार डॉलरपर्यंत गेल्याच्या बातम्या तेव्हा येत होत्या. त्याच कंपनीचे, त्याच सुमाराचे, खेळांसाठीचे सर्वांत वरचे कार्ड १,५९९ डॉलरला बाजारात आले होते. एवढी तफावत कशाची, हा प्रश्न डेटा सेंटरवाल्यांपुरता नाही. पनवेल परिसरात इमारतींचे आराखडे करणाऱ्या लहान कार्यालयांना आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनाही कॉम्प्युटर घेताना तो पडतो.

‘व्यावसायिक कार्ड म्हणजे तीच चिप, फक्त लेबल वेगळे’ असे मत बाजारात सर्रास ऐकू येते, आणि ते निराधार नाही. आरटीएक्स ४०९० हे खेळांचे कार्ड आणि आरटीएक्स ६००० एडा हे व्यावसायिक कार्ड, दोन्हींच्या पोटात एडी१०२ हीच चिप आहे. बाजारात आली तेव्हा पहिल्याची किंमत १,५९९ डॉलर होती, दुसऱ्याची ६,८००. इतिहासही संशयाच्याच बाजूचा आहे. २००० च्या आसपास खेळांसाठीच्या जीफोर्स कार्डाला थोडी युक्ती लढवून महागडे व्यावसायिक क्वाड्रो कार्ड बनवता येत असे. २०१७ मध्ये प्रतिस्पर्धी एएमडीचे व्हेगा फ्रंटियर कार्ड आले आणि लगेच एनव्हीडियाने आपल्या टायटन एक्सपी कार्डासाठी नवा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर, दिला. मायासारख्या त्रिमिती प्रोग्राममध्ये वेग काही ठिकाणी तिप्पट झाल्याचे कंपनीनेच सांगितले. कार्डातला एक स्क्रूही बदलला नव्हता. फोटोशॉपसारख्या प्रोग्रामना लागणारे दहा बिटांचे रंग खेळांच्या कार्डांवर २०१९ पर्यंत बंद होते, तेही ड्रायव्हर बदलून एका दिवसात सुरू झाले. अंगी असलेली ताकद मुद्दाम बांधून ठेवली जात होती, याला आणखी पुरावा नको.

पण एवढ्यावर सगळी तफावत लूट ठरवणे घाईचे होईल. आरटीएक्स ६००० मध्ये मेमरी ४८ जीबी आहे, ४०९० मध्ये २४. वीज ३०० वॅट लागते, ४५० नव्हे, आणि जाडी दोनच खाचांची, त्यामुळे अशी अनेक कार्डे एका पेटीत शेजारी शेजारी बसतात. मेमरीचा फरक कागदावर दुप्पट दिसतो, कामात तो त्याहून फार मोठा असतो. मोठ्या टर्मिनलचे पोलादी सांगाडे, काच, नळ, वायरी यांसह संपूर्ण त्रिमिती मॉडेल कार्डाच्या मेमरीत मावले तर काम सुरळीत चालते. मावले नाही तर वेग थोडा कमी होऊन भागत नाही, काम रखडते किंवा प्रोग्रामच बंद पडतो. एच१०० ची गोष्ट तर त्याहून वेगळी, तिथे चिपच दुसरी आहे. ८१४ चौरस मिलिमीटरच्या तुकड्यावर ८,००० कोटी ट्रान्झिस्टर, आणि त्याला खेटून थरावर थर रचलेली ८० जीबी एचबीएम मेमरी. हवामानाच्या किंवा रेणूंच्या अभ्यासात ६४ बिटांचे गणित लागते. त्यात एच१०० हे ४०९० च्या सुमारे पंचवीसपट वेगवान आहे, कारण ते गणित करणारे भागच त्यात जास्त कोरले आहेत. कोणताही ड्रायव्हर ते नंतर उगवून देऊ शकत नाही. भाषेचे ७,००० कोटी घटकांचे प्रारूप प्रत्येक घटकाला दोन बाइट धरले तर १४० जीबीचे होते. दोन एच१०० मध्ये ते मावते आणि ती दोन्ही एनव्हीलिंक या थेट जोडणीने सेकंदाला ९०० जीबी वेगाने एकमेकांशी बोलतात. ४०९० घ्यायची तर निदान सहा लागतील, आणि त्यांना एनव्हीलिंक नाही.

किमतीत आणखी एक गोष्ट धरलेली असते, ती म्हणजे जबाबदारी. कॅटिया, सॉलिडवर्क्स, सीमेन्स एनएक्स अशा आराखड्यांच्या प्रोग्रामसोबत कार्ड आणि ड्रायव्हर तपासून प्रमाणित करावे लागते. रेषा चुकीची दिसली तर कोणाला विचारायचे, हे त्यामुळे ठरलेले असते. हा खर्च थोड्या गिऱ्हाइकांवर वाटला जातो. २०२४ च्या आर्थिक वर्षात एनव्हीडियाला खेळांच्या विभागातून सुमारे १,०४० कोटी डॉलर मिळाले, व्यावसायिक ग्राफिक्समधून १५५ कोटींच्या आसपास. मोटारीचा साचा किंवा पुलाचा आराखडा करणाऱ्याला एखाद्या चुकीसाठी कार्डाच्या किमतीपेक्षा कितीतरी जास्त मोजावे लागते. त्याने हे पैसे द्यावेत, यात मला गैर दिसत नाही.

गैर आहे ते ड्रायव्हरमधले कुलूप, असलेली ताकद बांधून ठेवणारे. त्याच्या समर्थनार्थ म्हटले जाते की ज्याची ऐपत आहे त्याच्याकडून जास्त घेतले म्हणूनच खेळणाऱ्या मुलाला कार्ड स्वस्त मिळते. पनवेल–सीएसएमटी लोकलचेच बघा, फर्स्ट क्लासचा प्रवासी कितीतरी पट भाडे देतो आणि उतरतो सेकंड क्लासवाल्याबरोबरच. युक्तिवाद वजनदार आहे. पण फर्स्ट क्लासचा डबा, त्याची गादी आणि कमी गर्दी प्रवाशाला डोळ्यांनी दिसते, तिकिटाचा दर फलकावर असतो. ड्रायव्हरमधले कुलूप खोक्यावर छापलेले नसते. २०१७ च्या अखेरीस एनव्हीडियाने जीफोर्सच्या ड्रायव्हरच्या करारात तो डेटा सेंटरमध्ये वापरायला मनाई केली. पैसे देऊन विकत घेतलेली वस्तू कोणत्या खोलीत चालवायची, हेही विक्रेत्याने सांगावे, हे मला मान्य होत नाही. जास्तीच्या मेमरीचे, जास्तीच्या सिलिकॉनचे, तपासणीचे पैसे जरूर घ्या. आहे ते अडवून ठेवण्याचे घेऊ नका.

भारतात या महागाईवर एक उतारा निघाला आहे. मार्च २०२४ मध्ये केंद्राने कृत्रिम बुद्धिमत्तेसाठीच्या इंडियाएआय मिशनला सुमारे १०,३७२ कोटी रुपये मंजूर केले. जानेवारी २०२५ मध्ये १८,६९३ प्रोसेसर तासाच्या भाड्याने उपलब्ध होणार असल्याचे जाहीर झाले, आणि ते पुरवणाऱ्यांत योट्टाही आहे. ज्याला महाग यंत्र महिन्यातून चार दिवसच लागते, त्याने ते विकत घेण्याचे कारण उरलेले नाही. बाकीच्यांनी कार्ड घेण्याआधी आपली सर्वांत मोठी फाइल उघडावी आणि टास्क मॅनेजरमध्ये कार्डाची मेमरी किती भरते ते पाहावे. ती २४ जीबीच्या बरीच आत राहत असेल आणि तुमच्या प्रोग्रामचा निर्माता प्रमाणित कार्डाचा आग्रह धरत नसेल, तर दुकानदाराने कितीही गळ घातली तरी महाग कार्ड घेऊ नका.